चाळीस तासांचा हिशेब

स्वमग्न मुलांविषयी तज्ज्ञांनी आणि पालकांनी लिहिलेली पुस्तके मी गेली काही वर्षे एकापाठोपाठ एक वाचतो आहे. मानसशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, तेव्हा कोणता उपचार कोणत्या मुलाला लागू पडेल हे मी सांगू नये. माझा प्रश्न वाचकाचा आहे. या सगळ्या लेखनात मुलाची आई नेमकी कोण असते?

लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे मांडून या अवस्थेला नाव दिले. त्याच निबंधात त्यांनी या मुलांच्या आईवडिलांत मायेची ऊब फारशी दिसत नाही, अशीही नोंद केली. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी या नोंदीचा आरोप केला. १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’मध्ये त्यांनी या मुलांची तुलना नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी केली. ते स्वतः दाखाउ आणि बुखेनवाल्ड इथे बंदी होते, त्यामुळे या उपमेला मोठे वजन आले. पण छावणीची उपमा स्वीकारली की पहारेकरी कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क यांचे ‘द सीज’ आले. आपल्या मुलीला पुस्तकात ‘एली’ हे नाव देऊन या आईने दिवसेंदिवस पाहिलेले लिहून काढले. एकीकडे किल्ला, दुसरीकडे वेढा, अशी दोन्ही शीर्षके युद्धातली आहेत. फरक एवढाच, की एका पुस्तकात आई आरोपी आहे आणि दुसऱ्यात ती साक्षीदार आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यातून आईला बाहेर काढण्याचे श्रेय बर्नार्ड रिमलँड यांच्या १९६४ च्या ग्रंथाला द्यावे लागते. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. कारण जैविक आहे, आईच्या वागण्यात नाही, असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. वर्तनोपचारानेही हेच ओझे उतरवले. मूल असे का झाले हे उकरण्यापेक्षा त्याला काय शिकवता येईल ते पाहू, अशी त्याची भूमिका होती. मोठ्या कौशल्याचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा जमला की लगेच बक्षीस द्यायचे आणि सगळ्याची नोंद ठेवायची. दोषारोपाने खचलेल्या घरांना हा केवढा दिलासा वाटला असेल!

मात्र इथेच आईची दुसरी भूमिका सुरू होते. ओ. इव्हार लोव्हास यांचा १९८७ चा निबंध या उपचाराचा पाया मानला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९ लहान मुलांना दोन किंवा अधिक वर्षे आठवड्याला ४० तास एकास एक शिकवण्यात आले. त्यांपैकी ९ मुले बुद्ध्यंक आणि शाळेतली वाटचाल या कसोट्यांवर सामान्य ठरली. गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, उपचारक किती उपलब्ध आहेत यावर ती ठरली, हा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. अयोग्य वर्तनावर मोठ्याने ‘नाही’ म्हणणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे हाही त्या पद्धतीचा भाग होता. हे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. मला मात्र तिसरी गोष्ट खटकते. मुलाच्या जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ आणि वर्षाचे ३६५ दिवस उपचार चालावा म्हणून पालकांना प्रशिक्षण दिले, असे निबंध सांगतो. ४० तास म्हणजे एक पूर्णवेळ नोकरी. ते तास विद्यार्थी-उपचारकांचे होते आणि ते मोजले गेले. त्यापलीकडचे घरातले तास कोणत्याही रकान्यात आले नाहीत. आरोपी सुटली आणि बिनपगारी कामावर रुजू झाली.

१९९३ साली पुन्हा दोन लेखने समोरासमोर आली. कॅथरीन मॉरिस या टोपणनावाने लिहिणाऱ्या आईने ‘लेट मी हिअर युअर व्हॉइस’मध्ये आपली दोन मुले वर्तनोपचाराने बरी झाल्याची हकिगत सांगितली. पुस्तक प्रामाणिक आहे आणि अनेक घरांना त्याने वाट दाखवली. पण बरे होणे हाच शेवट असलेल्या कथेत, ज्याचे मूल बरे झाले नाही त्या पालकाला जागा उरत नाही. आपण तास कमी भरले असतील, हीच शंका त्याच्या वाट्याला येते. म्हणजे बेटलहाइमचा आरोप मागच्या दाराने परत आला. त्याच वर्षी स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी टोरँटोच्या परिषदेत पालकांना सांगितले, की आमच्यासाठी शोक करू नका, तुमचा शोक न मिळालेल्या मुलासाठी आहे. या वादात इथे मूल बोलले.

मराठीत हा विषय उपचाराच्या नव्हे, नात्यांच्या दाराने आला. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलाइतकेच त्याच्या आईवडिलांचे थकणे रंगमंचावर येते. ‘चौकट राजा’त (१९९१) प्रौढ नंदूला सांभाळणारी आई आहे. अमेरिकी पुस्तकांत न मोजलेले तास इथे दिसतात, ही आपली जमेची बाजू. दोन्हीकडे मुलगा मात्र बाहेरूनच पाहिलेला आहे. सिंक्लेअर यांचे बोलणे आपल्यालाही लागू पडते.

गोवा आणि रावळपिंडी इथे झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला म्हणूनच वेगळा वाटतो. ६५ मुलांच्या या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालक आणि मूल यांच्या खेळाचे चित्रण केले. मग पालकासोबत ते पाहत, मुलाने दिलेली कोणती खूण टिपली गेली आणि कोणती निसटली, यावर ते बोलले. पालकांचे प्रतिसाद मुलाशी अधिक जुळले आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ घटला. निकाल असा संमिश्र आहे, पण इथे आधी मोठ्या माणसाने बदलायचे आहे. अर्थात रोजचा सराव घरीच करायचा आहे आणि घरी म्हणजे बहुधा आईनेच.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आईवडिलांच्या पश्चात मुलाची काळजी हे उद्दिष्ट म्हणून लिहिले. त्यांच्या हयातीतल्या थकव्याचे काय? आईला आठवड्यातली एक मोकळी दुपार, वडिलांना उपचाराच्या तासाला हजर राहता येईल अशी रजा, भावंडांना ऐकणारे कोणी, या गोष्टींना आपण ‘आधार’ म्हणतो, म्हणजे मुख्य उपचाराला लावलेला टेकू. माझ्या वाचनातून मला उलटेच दिसते. घर उभे राहिले तरच उपचार उभा राहतो. यापुढे कुणी यशाचे आकडे दाखवले, तर आपण आधी एवढेच विचारावे : हे तास कोणी भरले, आणि त्यांची नोंद कुठे आहे?