कोहळींची परंपरा आणि साक्षीची कसोटी

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. चांद्याच्या गोंड राजाने तलाव बांधण्यासाठी कोहळींना काशीहून आणले, ही परंपरा त्यात नोंदलेली आहे. पुढे उद्धृत होताना 'असे सांगतात' हे शब्द अनेकदा गळून पडतात आणि परंपरेचा इतिहास होतो. १९०८ चे भंडारा गॅझेटियर तिच्या पुष्ट्यर्थ पुढे करावे, तर त्याचेही संपादक रसेलच. दोन ग्रंथांतील उल्लेख म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत.

या ग्रंथाचा एक गुण मान्य केला पाहिजे. अनेक प्रकरणांच्या तळटीपांत माहिती पुरविणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांची व शिक्षकांची नावे दिली आहेत. परंतु मूळ निवेदन कोणाचे, ते कोणत्या बोलीत झाले, ऐकणारा सरकारी अंमलदार असल्याने त्यास कोणते वळण लागले, हे वाचकास कळत नाही.

लिंकन आणि गुबा यांनी १९८५ साली गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेचे निकष मांडले. निष्कर्ष निवेदकांस दाखवून त्यांची संमती अजमावणे, हा त्यांनी सुचविलेला एक प्रमुख उपाय होय. येथे मात्र तो अपुरा ठरतो. तलावनिर्मितीचे श्रेय देणारी कथा कोहळी पाटलास वाचून दाखविली, तर तो ती नाकारील कशाला? एकाच समाजातील दहा वृद्धांनी तीच कथा सांगितली, तरी साक्ष एकच राहते. तलावात मासेमारी करणारा धीवर, पाणी वाटणारा पाणकर, पाळीसाठी माती वाहणारा मजूर यांची निवेदने तिच्याशेजारी मांडली पाहिजेत. वाजिब-उल-अर्जातील नोंदी, प्रत्यक्ष पाळ आणि तुडुमाची रचना यांच्याशीही ती ताडून पाहिली पाहिजेत. मेळ बसत नाही ते स्थळ लपवू नये. संशोधनाचा खरा आरंभ तेथेच होतो.

हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. पाण्यावर आणि मासळीवर हक्क कोणाचा, या वादात जुनी निवेदने पुराव्यादाखल पुढे येतात. ज्याचे निवेदन नोंदलेच गेले नाही, त्याचा हक्कही सहज नाकारला जातो. यास्तव निवेदक, स्थळ, दिनांक आणि बोली यांची नोंद हा औपचारिकतेचा भाग नसून संशोधकाच्या प्रामाणिकपणाचा भाग होय.