आज्ञापत्रातील साहुकार आणि टोपीकर

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’चा (इ. स. १७१५) विचार करताना टोपीकरांविषयीच्या मजकुराला द्रष्टेपणाचे प्रशस्तिपत्र देऊन पुढे जाण्याचा प्रघात पडला आहे. इंग्रजी सत्तेचे भाकीत ग्रंथकाराने आधीच केले होते, असे म्हटले की विवेचन संपते. परंतु या मजकुराचे महत्त्व भाकितात नसून त्यातील वर्गीकरणात आहे, आणि त्याची मर्यादाही तेथेच शोधावी लागते.

ग्रंथकाराने साहुकारांना राज्याचे भूषण मानले आहे. त्यांच्यामुळे परदेशीचा दुर्मीळ माल येतो, संकटसमयी कर्ज मिळते. सबब त्यांचा मान राखावा, असा त्याचा उपदेश. ‘साहु’ हे संस्कृत ‘साधु’ शब्दाचे प्राकृत रूप होय. म्हणजे सचोटीचा अर्थ या शब्दाच्या पोटातच आहे. यानंतर फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी नावे येतात आणि ‘टोपीकर’ या एका संज्ञेखाली त्या सर्वांना साहुकारांच्या पंक्तीतून उठविले जाते. (‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेच्या वाटेने मराठीत आले आहेत, नव्या परकीयांची नावेसुद्धा कोकणाने जुन्या परकीयांकडून घेतली.) या भेदाचे कारण असे की, यांचे धनी राज्य करणारे आहेत, आणि राज्य करणाराला भूमीचा लोभ नसणे संभवत नाही. म्हणून वखारीस जागा देणे झाल्यास ती खाडीच्या मुखाशी वा समुद्रतीरी देऊ नये, आत दूर एखाद्या मोठ्या शहराच्या आटोक्यात द्यावी.

यात भाकितापेक्षा अनुभव अधिक आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागल्या. पुढील वर्षी ती वखार लुटली गेली. तरीही १६७४ साली, राज्याभिषेकाच्या सुमारास, इंग्रजांशी तह झालाच. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडून व्यापारी तिकडे वळू लागले, तेव्हा संगमेश्वरच्या मिठाच्या मानाने ते महाग पडेल एवढी जकात बसविण्याची आज्ञा शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या अधिकाऱ्यास दिली होती. व्यापार तोडावयाचा नाही, पण त्याची वाट आपण ठरवावयाची, हे धोरण ग्रंथाच्या पूर्वीच रूढ होते. आज्ञापत्राने त्याला संज्ञा दिली.

आता मर्यादेचा प्रश्न. ग्रंथकार व्यापाऱ्याच्या मागे राजा पाहतो. प्रत्यक्षात १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीच्या हवाली केले होते. म्हणजे व्यापारीच भूमीचा धनी झाला होता, आणि तोही कोकणच्या दारात. साहुकार आणि राजाचा चाकर या दोन कोटींत न बसणारी ही संस्था होती. तिच्यासाठी आज्ञापत्रात वेगळी कोटी नाही. परिणामी सुचविलेला बंदोबस्त सगळा जागेचा आहे : खाडी नको, किनारा नको. तहाने, मित्र म्हणून येणाऱ्या आरमाराला तो लागू पडत नाही.

असे आरमार १७५५ साली आले. पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध कंपनीशी करार केला. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरातील तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला व बाणकोट इंग्रजांकडे राहिला. बाणकोटचा किल्ला सावित्रीच्या खाडीच्या अगदी मुखावर आहे. आज्ञापत्राने निषिद्ध मानलेली जागा ती हीच. पुढे मराठीत ‘कंपनी सरकार’ असा जोडशब्द रूढ झाला. १७१५ च्या भाषेला तो सुचला नसता.