मूळ, नक्कल आणि साचा : जर्मन धातू-प्रतिकृतींच्या संग्रहदृष्टीची चिकित्सा

छोट्या जर्मन उत्पादकांच्या जुन्या, जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या खेळण्यातील मोटारी जमविणे हा वरकरणी निरुपद्रवी छंद आहे. परंतु त्यामागे एक निश्चित मूल्यव्यवस्था उभी असून तिचीच चिकित्सा प्रस्तुत लेखात अभिप्रेत आहे. या व्यवस्थेत जर्मनीत घडलेली गाडी ‘मूळ’ ठरते. त्याच साच्यातून अन्यत्र ओतलेली गाडी मात्र ‘नक्कल’ म्हणून खालच्या पंक्तीत बसविली जाते.

हा भेद इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. न्यूरेंबर्ग येथे १९१२ साली स्थापन झालेली ‘शुको’ १९७६ मध्ये बंद पडली. १९८० मध्ये तिचे नाव शेजारच्या फ्युर्थमधील ‘गामा’कडे गेले आणि १९९९ मध्ये सिंबा-डिकी समूहाकडे. म्हणजे नाव एकच असले तरी त्यामागील हात बदलत राहिले. उलट, शुकोच्या १:६६ प्रमाणातील गाड्यांचे साचे ब्राझीलमधील मनाउसला पोहोचले व तेथे ‘रेई’ या नावाने गाड्या निघाल्या. येथे साचा तोच, नाव तेवढे निराळे. आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. लिव्हरपूलच्या ‘डिंकी’चे जुने साचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यास आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ ही मालिका निघाली. तीत मर्सिडीज २२० एसई ही गाडीही होती. गाडी जर्मन, साचा इंग्रजी, ओतकाम बंगालमधले. हिचे मूळ कोणते मानावे?

भारतीय प्रतीवर ‘ओबडधोबड’ असा शिक्का सर्रास मारला जातो. वस्तुतः वितळलेला धातू दाबाखाली पुनःपुन्हा घेऊन साचा झिजतो, कडा बोथट होतात, सांध्यांतून धातूची पातळ पत्री बाहेर येते. साच्याच्या वयाचा हा दोष कारागिराच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचे बफिंग चालते ते ज्याने पाहिले आहे, त्याला कड घासून काढणाऱ्या हाताचे मोल निराळे सांगावे लागत नाही. अर्थात सर्वच उणिवा साच्याच्या नव्हेत. जाड रंग, स्वस्त चाके ही उत्पादकाची काटकसर होय, आणि तिचे समर्थन करण्याचे कारण नाही.

वाल्टर बेंजामिन यांनी १९२८ मध्ये जर्मन खेळण्यांविषयी लिहिताना, खेळणी प्रथम स्वतंत्र धंद्यातून नव्हे, तर सुतार, कथीलकाम करणारे अशांच्या कर्मशाळांतून उपजली, याकडे लक्ष वेधले होते. आजच्या संग्राहकाला ही कर्मशाळाच दिसत नाही. त्याला दिसते ती पेटी. न उघडलेल्या पेटीतील गाडीला सर्वाधिक भाव येतो, म्हणजे जिच्याशी कोणतेही मूल कधीच खेळले नाही अशा खेळण्याला! संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या जोखडातून सोडवितो, हे बेंजामिन यांचेच प्रतिपादन येथे विपरीत रूपात अवतरते. वस्तू उपयोगातून सुटते ती थेट बाजारभावात अडकण्यासाठी.

ब्लो प्लास्टने मॅटेलच्या सहकार्याने ‘लिओ’ या नावाखाली भारतात काढलेल्या हॉट व्हील्स गाड्यांनाही आता परदेशी गिऱ्हाईक आहे. काल जी नक्कल होती ती दुर्मीळ होताच ‘प्रकार’ ठरली. तिच्या घडणीत मात्र तसूभरही फरक पडलेला नाही. तेव्हा संग्रहसूचीत उत्पादकाच्या नावासोबत साचा कोठे कोरला, ओतकाम कोठे व कोणत्या काळात झाले आणि गाडी खेळली गेली होती काय, या नोंदी स्वतंत्रपणे असाव्यात. खरचटलेला रंग ही त्यांपैकी शेवटच्या रकान्यातील नोंद होय, किंमत कमी करण्याचे निमित्त नव्हे.