मंटोंच्या 'बू'मधला पाऊस

सआदत हसन मंटोंची 'बू' ही कथा बहुतेकांना खटल्यामुळेच माहीत असते. १९४७पूर्वी त्यांच्या ज्या तीन कथांवर अश्लीलतेचे खटले झाले, त्यांतली ही एक. त्या गदारोळात कथेतल्या पावसाकडे फारसे कुणी पाहिले नाही.

कथेत रात्री दोन. पण पाऊस तोच, खिडकी तीच, बाहेर भिजणारी पिंपळाची पानेही तीच. पहिल्या रात्री चिंचेच्या झाडाखाली आडोशाला उभी असलेली घाटण मुलगी रणधीर वर बोलावतो. दुसऱ्या रात्री शेजारी नवी नवरी आहे, गोरी, बी.ए. झालेली, मॅजिस्ट्रेटची लेक, अंगाला हिनाच्या अत्तराचा वास. रणधीर तिच्यापाशी असून नसतो. भिजती पाने दिसली की त्याचे मन मागे जाते. वेगळा खुलासा लागत नाही. घाटणीच्या अंगगंधाला मंटो ओल्या मातीची उपमा देतात आणि लगेच मागे घेतात. माझ्या मते कथेतली सर्वांत प्रामाणिक जागा तीच.

तरी एक सल राहतोच. ही मुलगी दोरखंडाच्या कारखान्यात राबणारी. भिजलेल्या चोळीची गाठ सुटेना, तेव्हा ती मराठीत काहीतरी पुटपुटते. कथेत मात्र त्याचा उर्दू मतलब तेवढा येतो, तिचे शब्द येत नाहीत. दिवसभर उर्दूत शिकवून घरी मराठी बोलणारा मी इथे दर वेळी अडखळतो. पाऊस सगळा रणधीरच्या आठवणींचा झाला. तिला नावसुद्धा नाही. पुढच्या पावसात तिला काय आठवले असेल, हे कथा विचारीत नाही.