चार आवाजांची पेटी

साठवलेल्या पैशांतून मी यंदा एक सिंथेसायझर विकत घेतला. आमच्या घरी वाद्य म्हटले की पेटी; तीही वडिलांच्या वेळची. नवे वाद्य टेबलावर मांडले तेव्हा आईने ते सगळ्या बाजूंनी न्याहाळले आणि विचारले, "अरे, ह्याला भाता कुठे आहे?" प्रश्न भाबडा, परंतु टीकाकाराने प्रथम विचारावा असाच. वाद्याचा श्वास कोठून येतो हे कळल्यावाचून त्याच्याविषयी बोलणार काय?

वाद्य कॉर्ग कंपनीचे, नाव 'मिनीलॉग'. बाजारात आले ते २०१६ साली. पट्ट्या ३७. विजेचा प्रवाह आंदोलित होतो, त्यातून स्वर जन्मतो आणि पुढे फिल्टर त्याची धार कमीजास्त करतो. पहिल्या रात्री मी नुसता 'सा' धरून बसलो. एक बटण फिरवावे तो तोच 'सा' सनईसारखा टोकदार व्हावा, उलटे फिरवावे तो गोधडीखालून कोणी गुणगुणावे तसा मऊ. पेटीच्या 'सा'ला एकच चेहरा असतो. ह्याला किती आहेत ते मी अजून मोजतोच आहे.

हे वाद्य बहुस्वरी आहे. मात्र एका वेळी स्वर वाजतात ते चार. चार पट्ट्या धरून पाचवी दाबली की आधीच्यांपैकी एकाचा आवाज काढून घेतला जातो. पेटीत प्रत्येक पट्टीची सुरी वेगळी. भात्यात हवा आहे तोवर कोणाला गप्प बसावे लागत नाही. येथे चौघेच बोलणार, आणि तेही एकाच सुरात वळणार : मींड घेण्यासाठी डावीकडची दांडी सरकवली की धरलेले सगळे स्वर एकदमच वाकतात.

हे असे का, ह्याचा इतिहास उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील ओबरहाइम कंपनीने १९७५ साली चार आवाजांचा सिंथेसायझर काढला. त्यात प्रत्येक आवाजाचे यंत्र निराळे आणि बटणेही निराळी. चौघांना एका ओळीत आणता आणता वादक मेटाकुटीला येई. १९७८ साली 'प्रॉफेट-५' आला. त्याने पाचही आवाज एकाच बटणांच्या ताब्यात दिले, आणि बसवलेला ध्वनी यंत्राच्या स्मरणात ठेवण्याची सोयही केली. सोय मोठी, ह्यात शंका नाही. पण त्या दिवसापासून पुष्कळ स्वर म्हणजे पुष्कळ आवाज असा आपला समज झाला. कादंबरीत दहा पात्रे असून सगळी लेखकाच्याच भाषेत बोलू लागली, तर तिला आपण बहुरंगी म्हणतो काय?

एवढ्यावर मी माझा निर्णय लिहून टाकणार होतो. पण महिनाभर ऐकल्यावर कानाने मला थोडे मागे ओढले. ह्या चार आवाजांची मंडले आतून स्वतंत्र आहेत. ती तापली, निवली की स्वर केसभर इकडेतिकडे सरतात. यंत्र त्यांना पुन्हा जुळवून घेते, तरी हुबेहूब एक ते कधीच होत नाहीत. स्वरमेळ धरला की त्यात जी हलकी थरथर ऐकू येते, ती ह्या अपुऱ्या जुळणीची. आईच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. भाता आहे, तो ह्या केसभर फरकात आहे.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी समूहगीत बसवीत होतो. एका मुलाचा सूर काही केल्या इतरांत मिसळेना. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." त्याने मुकाट्याने ओठ हलविले. गीत छान झाले, पाहुण्यांनी वाखाणले. मलाच ते आतून सपाट वाटत राहिले आणि कारण कळेना.

आता पाचवी पट्टी दाबताना तो मुलगा आठवतो. यंत्राचे ठीक आहे. त्याच्यापाशी आवाजच चार. माझ्यापाशी त्या दिवशी चाळीस होते.