दात्याची यादी

केन लोच ह्या इंग्रज दिग्दर्शकाच्या ‘आय, डॅनिएल ब्लेक’ (२०१६) ह्या बोलपटास कान येथील महोत्सवांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें. त्याची स्तुति पुष्कळ झाली आहे व ती यथार्थहि आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्यांतील एकाच प्रसंगाविषयीं.

न्यूकॅसल शहरांत धर्मार्थ अन्न वाटणारी एक संस्था आहे. तिकडे तिला ‘फूड बँक’ म्हणतात. केटी ही दोन मुलांची आई तेथें येते. स्वयंसेविका मोठ्या मायेनें तिची पिशवी भरूं लागते. इतक्यांत भुकेनें व्याकूळ झालेली केटी एक डबा फोडून त्यांतलें अन्न तेथेंच, हातानेंच खाऊं लागते. आणि भान येतांच ओशाळून रडते. असें करुण व संयमित दृश्य क्वचितच पाहावयास मिळतें.

परंतु प्रसंगाचें मर्म आम्हांस दुसरीकडेच दिसतें. केटी स्त्रियांस दरमहा लागणारे पॅड मागते. ते नसतात, कारण कोणी देतच नाहीं! पुढें ते तिला दुकानांतून चोरावे लागतात. गरज घेणाऱ्याची, यादी मात्र देणाऱ्याची.

येथें लोच थोडे थांबावयास हवे होते. सरकारी कचेरीचा निष्ठुरपणा ते बारकाईनें दाखवितात. अन्न वाटणारी मंडळी मात्र निव्वळ देवमाणसें! वास्तविक ब्रिटनमध्यें ट्रसेल ह्या संस्थेच्या केंद्रांत बहुधा डॉक्टर, समाजसेवक अशा कोणाची तरी चिठ्ठी लागते. भुकेल्याच्या भुकेला त्याची स्वतःची साक्ष पुरत नाहीं. डॅनिएल कचेरीच्या भिंतीवर आपली मागणी रंगवितो, कारण तेथें त्याचा हक्क आहे. ह्या दुसऱ्या भिंतीवर केटीनें काय लिहावें?