सरवटे कुणाचा?

फेब्रुवारी २०१९. नागपूरच्या वर्धा रोडवरचं जामठ्याचं मैदान. विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवलं आणि सलग दुसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेने त्या फायनलमध्ये ११ बळी घेतले. चेतेश्वर पुजाराला त्याने दोन्ही डावांत काढलं, एकदा १ धावेवर, एकदा शून्यावर.

फेब्रुवारी २०२५. तेच मैदान, पुन्हा रणजीची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ. सरवटेही होता. पहिल्या डावात तो ७९ धावा काढून विदर्भाच्या गोलंदाजांना दमवत होता, कारण आता तो केरळचा होता.

याच गोष्टीची उलटी बाजू पाहा. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. त्या सामन्यात दिल्लीकडून एकटा भिडला तो ध्रुव शोरी, १४५ धावा. २०२५ च्या फायनलमध्ये हाच शोरी विदर्भाचा सलामीवीर होता.

आमच्या कारंजा (घाडगे)च्या क्रिकेटवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी सरवटेबद्दल मेसेज पडला, "आपलं पोट्टं आपल्याच विरोधात खेळून राह्यलं बे." खाली रागावलेल्या इमोजींची रांग. शोरीबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. बेंगळुरूहून आलेल्या करुण नायरने दुसऱ्या डावात शतक ठोकलं तेव्हा तर ग्रुपवर दिवाळी होती. आलेला तो पाहुणा आणि गेलेला तो गद्दार, इतका साधा हिशेब. हा हिशेब आपल्याला शिकवला कुणी? माझा संशय सिनेमावर आहे. थोडा क्रीडापत्रकारांवरही, पण जास्त सिनेमावर.

'चक दे! इंडिया' (२००७) आठवा. कोच येतो, विस्कळीत मुलींची टीम बांधतो, वर्ल्डकप जिंकतो, सिनेमा संपतो. पुढच्या वर्षी काय झालं? कबीर खानचा करार वाढला का? त्याची पद्धत नव्या कोचला कुणी समजावून सांगितली का? आपल्या खेळपटांमध्ये पुढचा मोसम नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे या सिनेमांतला कोच बाजाराच्या बाहेर उभा असतो. कबीर खानला जी टीम मिळते ती दुसऱ्या कुणाला नकोच असते. 'झुंड'मधला विजय बोराडे कॉलेजातून निवृत्तीला टेकलेला क्रीडाशिक्षक आहे. ज्याला कुणी काढून टाकू शकत नाही आणि जास्त पैसे देऊन पळवूही शकत नाही, असाच माणूस आपल्याला पडद्यावर गुरू म्हणून चालतो. मग खऱ्या आयुष्यात कोच करार करतो, भांडतो, सोडून जातो, तेव्हा त्याचं काय करायचं हे आपल्या कथेला कळत नाही.

चंद्रकांत पंडित यांचं उदाहरण घ्या. २०१५-१६ मध्ये ते कोच असताना मुंबई रणजी जिंकली. पुढच्या वर्षी फायनलला पोचली, गुजरातकडून हरली आणि पंडित गेले. एक फायनल हरणं पुरेसं झालं. त्यांना विदर्भाने घेतलं. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या आणि तोवर एकदाही फायनल न पाहिलेल्या विदर्भाने लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने फायनलमध्ये मुंबईलाच हरवलं. तेही बेंगळुरूत, जिथे १९९९ मध्ये कॅप्टन असताना ते कर्नाटककडून फायनल हरले होते. इतकी नीटस पटकथा कुणी लिहून आणली तर मी तिला फिल्मी म्हणेन. मग आयपीएलमध्ये कोलकाता, २०२४ चं विजेतेपद आणि २०२५ मध्ये तिथूनही बाहेर.

यातून वर्तमानपत्रांनी काढलेला निष्कर्ष एकच: पंडित जादूगार आहेत. मला या गोष्टीतला दुसरा धागा जास्त महत्त्वाचा वाटतो. पंडित गेल्यावर मुंबईत समीर दिघे आले, मग विनायक सामंत, मग अमित पागनीस, मग रमेश पोवार, मग अमोल मुझुमदार, मग ओंकार साळवी. साधारण सहा वर्षांत सहा कोच. ज्या शहराने देशाला बॅटिंग शिकवली असं म्हणतात, त्याला पुढची रणजी थेट २०२४ मध्ये मिळाली. आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' म्हणून एक काळा विनोद आहे. टीममधली किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर तो एक कितीही हुशार असला तरी प्रोजेक्ट आजारी आहे. विदर्भाची खरी परीक्षा पंडित असताना झालीच नाही, ती ते गेल्यावर झाली. मधली काही वर्षं फिकी गेली. पण २०२४ ला विदर्भ पुन्हा फायनलमध्ये होता आणि २०२५ ला जिंकला. कोच होता उस्मान गनी, विदर्भाकडूनच रणजी खेळलेला. त्याच्यावर सिनेमा सोडा, माझ्या ऑफिसातल्या क्रिकेटवेड्यांपैकी कुणाला त्याचं नावही माहीत नव्हतं.

त्या २०२५ च्या फायनलमधली एक भागीदारी मला सगळ्या वादाचं उत्तर वाटते. पहिल्या डावात विदर्भाची पडझड झाली होती. करुण नायर आणि २१ वर्षांचा दानिश मालेवार यांनी २१५ धावा जोडल्या. करुणला कर्नाटकने वगळलं होतं, क्रिकेट हातातून निसटत चाललं होतं, आणि २०२३ मध्ये विदर्भाने त्याला जागा दिली. दानिश नागपूरचा, त्याचा तो पहिलाच मोसम. दानिशने १५३ केल्या. करुण ८६ वर असताना दोघांच्या गोंधळात धावबाद झाला. (तेव्हा मी लॅपटॉपवर अक्षरशः बुक्की मारली.) बाहेरचा आणि घरचा एकमेकांच्या जागा खातात, असं आपण धरून चालतो. इथे बाहेरचा उभा राहिला म्हणून घरचा मोठा झाला. त्या मोसमात देशात सर्वाधिक ९६० धावा यश राठोडच्या होत्या आणि ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम हर्ष दुबेने केला. दोघंही विदर्भाचेच. दुबे हा सरवटेसारखाच डावखुरा फिरकीपटू, हेही लक्षात घ्या.

वसीम जाफरचंही तसंच. मुंबईतून आलेल्या या माणसाने चाळिशीत, २०१८-१९ च्या मोसमात, विदर्भासाठी १,०३७ धावा केल्या. राज्य संघांना तीन पाहुणे खेळाडू घेता येतात. प्रश्न ते तीन कोण आहेत हा नसतोच. उरलेले आठ त्यांच्याकडून काय उचलतात, हा असतो.

माझी टीम अमेरिकन क्लायंटसोबत काम करते, त्यामुळे हिवाळ्यात दर सोमवारी कॉलची पहिली पाच मिनिटं कॉलेज फुटबॉलमध्ये जातात. हेल्मेटवालं फुटबॉल. तिथे कॉलेजच्या मॅचला लाखभर लोक स्टेडियममध्ये बसतात. २०१८ पासून तिथे 'ट्रान्सफर पोर्टल' आहे: खेळाडूने नाव टाकायचं, दुसऱ्या कॉलेजांनी बोली लावायची. २०२१ पर्यंत कॉलेज बदललं तर बहुतेकांना एक मोसम बाहेर बसावं लागे, तो नियम सैल झाला आणि गर्दी उसळली. त्याच वर्षी लिंकन रायली नावाचा कोच ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियाला गेला, आणि मागोमाग त्याचा क्वार्टरबॅक केलब विल्यम्सही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिंबो फिशरला काढलं, तर त्याला घरी बसवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये लेन किफिन आपली टीम प्लेऑफच्या दारात असताना प्रतिस्पर्धी विद्यापीठात निघून गेला. आमचे क्लायंट यावर तावातावाने बोलतात. गंमत म्हणजे शिव्या बहुतेक वेळा १९ वर्षांच्या पोरांना पडतात, आजकाल निष्ठाच राहिली नाही म्हणून. कोचबद्दल बोलताना शब्द बदलतो, तो 'करिअर मूव्ह' होतो.

आपल्याकडेही वेगळं नाही. यशस्वी जयस्वालने २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याला जायची परवानगी मागितली तेव्हा मुंबईने त्याच्यासाठी काय काय केलं याच्या याद्या निघाल्या. महिनाभरात त्याने अर्ज मागे घेतला. अर्जुन तेंडुलकर आधीच गोव्यात होता आणि पृथ्वी शॉ महाराष्ट्राकडे आला. प्रत्येक वेळी खेळाडूला 'एनओसी' लागते, ना हरकत प्रमाणपत्र. पंडितांना काढताना मुंबईने पंडितांची हरकत विचारली नव्हती.

मी सहा वर्षांत तिसऱ्या कंपनीत आहे. कारंज्यात मला कुणी गद्दार म्हटलेलं नाही. उलट दर वेळी पेढे मागितले, पॅकेज विचारलं. नागपूर-अमरावती हायवेवरच्या आमच्या गावातून हुशार पोरगं बाहेर पडणं हाच यशाचा पुरावा मानतात. संत्र्याच्या बागेत राहिला त्याची कीव करतात. मग तेच लोक सरवटेवर का चिडतात? मला वाटतं, आमची नोकरी ही आमची स्वतःची मानली जाते आणि खेळाडूचा खेळ मात्र गावाच्या सातबाऱ्यावर चढवलेला असतो. त्याने पैसे कमवावेत, पण आमच्या नावावर.

इथे पुन्हा 'झुंड'कडे यावं लागतं, कारण मी वर त्याच्यावर थोडा अन्याय केला. नागपूरचे विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला नागराज मंजुळेचा हा सिनेमा (२०२२) पहिल्या अर्ध्यात ओळखीच्या वाटेने जातो. कोच, वस्ती, कॉलेजची भिंत, भिंतीपलीकडच्या मुलांविरुद्धची मॅच. बऱ्याच जणांना उत्तरार्ध लांबलेला वाटला. मला तोच खरा सिनेमा वाटतो. तिथे फुटबॉल जवळपास थांबतो आणि कागद सुरू होतात. रिंकू राजगुरूची मोनिका बापासोबत ओळखीच्या पुराव्यासाठी वणवण करते. डॉनवरची पोलीस केस पासपोर्टच्या आड येते. परदेशातली स्पर्धा बाजूलाच राहते. मुलांना इथून निघता येईल का, एवढाच प्रश्न उरतो. शेवटी एअरपोर्टवर सिक्युरिटीपाशी डॉन खिशातलं पातं कचऱ्यात टाकतो आणि पुढे जातो. जाणं हा पराक्रम असू शकतो, हे ओळखणारा दुसरा खेळपट मला आठवत नाही. फक्त तिथेही कोच एकाच ठिकाणी उभा आहे, निवृत्त, निःस्वार्थ. त्यालाही कधीतरी जायचं असू शकतं, पगार वाढवून हवा असू शकतो, हे मंजुळेलाही सुचलेलं नाही.

मुंबईच्या त्या सहा जणांतले अमोल मुझुमदार नंतर भारतीय महिला संघाचे कोच झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत वर्ल्डकप जिंकला. सगळीकडे एकच मथळा, खराखुरा कबीर खान. मुंबईसाठी धावांचे डोंगर रचून हा माणूस आसामकडून खेळला, मग आंध्रकडून. भारताकडून एकदाही नाही. ती आसाम-आंध्रची वर्षं कबीर खानच्या साच्यात बसत नाहीत, म्हणून ती कुणी लिहिली नाहीत. दोन नव्या ड्रेसिंग रूममध्ये 'बाहेरचा' म्हणून बसलेल्या माणसाला टीमच्या काठावरची मुलगी कशी दिसत असेल, यावर मला लेख वाचायला आवडेल.

२०२५ संपेपर्यंत करुण कर्नाटकला परतला. अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला. इंदूरच्या फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा, सिव्हिल इंजिनीअर असलेला रजनीश गुरबाणी त्याआधीच महाराष्ट्राकडून खेळू लागला होता. आमच्याकडच्या टेनिस बॉल टूर्नामेंटांत अजूनही मॅचआधी आधार कार्ड तपासतात, पत्ता गावचाच आहे ना म्हणून. माझ्या आधारवर आता पुण्याचा पत्ता आहे. बाहेरचे तीन चालतात, त्यातला एक मी.